दुसऱ्यांदा दाबलेली बेल

"तुला कपडे धुवायचे आहेत की माझी जन्मतारीख हवी आहे?"

हा प्रश्न माझ्या खालच्या मजल्यावर विचारला जात होता आणि तो वॉशिंग मशीनला विचारला जात होता. मशीन नवं होतं. ते म्हणत होतं आधी मला फोनशी जोडा, आणि फोन जन्मतारीख मागत होता. थोड्या वेळाने नळ सोडल्याचा आणि बादली आपटल्याचा आवाज आला. कपडे हाताने धुतले गेले. मशीन दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेलं आणि दुकानदारालाही चार शब्द ऐकावे लागले.

भांडणारी बाई स्वतः प्रोग्रॅमर आहे. लोकांना याचं नवल वाटतं. "अगं, तुमच्याच लोकांनी केलेलं असतं ना हे सगळं?" असं कोणी म्हटलं की ती म्हणते, "म्हणून तर! हॉटेलात काय खाऊ नये ते आचाऱ्यालाच विचारावं."

आमच्या इमारतीत तिला उकळी म्हणतात. नाव सासूबाईंनी ठेवलं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी त्या शेजारणींना म्हणाल्या होत्या, "सून गुणाची आहे हो, पण दुधासारखी. नजर हलली की उतू." हे फिरत फिरत तिच्या कानावर गेलं. ती सरळ सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "आई, दूध उगाच उतू जात नाही. खाली कोणीतरी गॅस मोठा ठेवलेला असतो." सासूबाई हसल्या आणि तेव्हापासून दोघींचं जमलं. जमलं म्हणजे रोज भांडण, पण बरोबरीचं. एकीने दुसरीला कधी कमी लेखलं नाही आणि भांडताना कधी दार लावून घेतलं नाही, त्यामुळे आम्हालाही करमणूक असे.

आता चाळिशी ओलांडली तिने. अंगाने बारीक, केस कापलेले, चालणं भरभर. राग आला की चष्मा काढते. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "समोरचा अंधुक दिसला की बोलायला सोपं जातं." शाळेतल्या माझ्या सगळ्या नोकरीत मी रागीट मुलं पुष्कळ पाहिली. त्यांतली बरीचशी स्वतःचं काही हिसकावलं की रागावणारी. ही त्यातली नाही. हिला राग येतो तो दुसऱ्याला कोणीतरी गृहीत धरलं की. कुणाच्या तरी आजोबांच्या फोनमधलं बटण रात्रीतून इकडचं तिकडे गेलं आणि त्यांना मुलीला फोन लावता आला नाही, तर ही दोन दिवस धुमसते. "बटण हलवणाऱ्याला काय, पगार मिळाला. आजोबांना वाटतं आपलंच डोकं गेलं. म्हाताऱ्या माणसाला स्वतःवर शंका घ्यायला लावणं हे पाप आहे, बाई, पाप!"

तिच्या घरात फोनची जागा चपलांच्या कपाटात आहे. चपला घालून आपण घरभर फिरत नाही, मग सगळ्या गावाची धूळ खिशात घेऊन कशाला फिरायचं, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा छापखान्यात पाळीवर जातो, शांत माणूस. तो पहिल्या आठवड्यात दोनदा बुटात फोन विसरला आणि मग त्याने सवय करून घेतली. सकाळचा चहा ती खिडकीशी उभी राहून पिते. हातात पेपर नाही, कानाला काही नाही, फक्त चहा. भांडी घासताना भांडीच घासते. "एका वेळी एक. यंत्राला चार कामं एकदम देता येतात. मी यंत्र नाही," म्हणते.

यावर कोणी "अगं हे तर ध्यानच झालं" असं म्हणालं की मात्र बघायला नको. तिच्या ऑफिसात एकदा ध्यान शिकवणारे सर बोलावले होते. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि श्वासाकडे पाहायचं. सगळे पाहत होते, आणि टेबलाटेबलांवर फोन थरथरत होते, कारण बाहेरगावी गेलेले साहेब विचारत होते की कार्यक्रम कसा चाललाय. हिने डोळे उघडले, चष्मा काढला आणि म्हणाली, "सर, तुमची चूक नाही. पण दिवसभर घर फोडायचं आणि संध्याकाळी कुलपं विकायला माणूस पाठवायचा, ही कुठली रीत?" सर भले होते, ते म्हणाले, "ताई, श्वास घ्या." ती म्हणाली, "घेतेच आहे. श्वास घेतल्याशिवाय इतकं बोलता येत नाही."

त्या संध्याकाळी जिन्यात मला हे सगळं साभिनय करून दाखवल्यावर शेवटी ती म्हणाली ते माझ्या लक्षात आहे. "लक्ष म्हणजे काय डोळे मिटून बसणं? घरातलं माणूस बोललं तर ते पहिल्याच वेळी ऐकणं, याला लक्ष म्हणतात."

जिन्यात का, ते सांगायला हवं. तिच्या धंद्यात एक गमतीची रीत आहे. प्रोग्रॅम कुठे अडतोय ते काही केल्या सापडेना, तर तो कोणाला तरी पहिल्यापासून एकेक पायरी सांगायचा. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळायची गरज नसते. म्हणून पुष्कळ जण टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि बदकालाच सांगतात. सांगता सांगता आपली चूक आपल्याच कानावर पडते म्हणे. हिनेही बदक आणलं होतं. पण त्याच्याशी तिचं पटलं नाही. "सारखं हसतं हो ते. माझं घोडं पेंड खातंय आणि हे आपलं हसतंय!" बदक खणात गेलं आणि ती एका संध्याकाळी वर येऊन मला म्हणाली, "बाई, तुम्ही बदक व्हाल का?"

वर्गात मुलांनी मला काय काय नावं ठेवली असतील ते मला माहीत नाही, पण तोंडावर बदक कोणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हटलं. तिच्या घरात सासूबाईंचा टीव्ही असतो, म्हणून आम्ही दोन मजल्यांच्या मधल्या पायऱ्यांवर बसू लागलो. मला बोलायला दोनच शब्दांची परवानगी होती. "मग?" आणि "म्हणजे?" सल्ला द्यायचा नाही. शिक्षकाला हे किती जड जातं ते शिक्षकालाच माहीत.

या बदकपणामुळे मला तिचं काम समजलं. ती रुग्णालयातल्या बेलचं काम करते. खाटेशी वायरला लटकणारं बटण असतं, ते रुग्णाने दाबलं की भिंतीवरच्या डब्यातून निरोप जातो. खोलीच्या दारावर लाल दिवा लागतो आणि सिस्टरच्या फोनवर खाटेचा नंबर येतो. दिवा विझवायचं हिरवं बटण खाटेच्या डोक्याशी, भिंतीवर. "का, तर तिथे पोचल्याशिवाय ते दाबताच येत नाही! दिवा विझला याचा अर्थ माणूस माणसापाशी पोचलं." हे सांगताना तिच्या आवाजात राग नसे. माझ्या अनुभवात असं फार थोड्या वेळा झालं.

तेच हिरवं बटण साहेबांच्या डोळ्यांत खुपलं. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना दर्शनी भागात एक मोठा पडदा लावायचा होता आणि त्यावर 'बेलला सरासरी किती वेळात प्रतिसाद' हा आकडा झळकवायचा होता. आकडा चांगला येईना. सिस्टर कमी, खाटा जास्त, तो कुठून चांगला येणार? सिस्टर वाढवण्यापेक्षा आकडा सुधारणं सोपं. साहेबांनी युक्ती काढली. सिस्टरच्या फोनवर 'पाहिलं' असं बटण द्यायचं. ते दाबलं की दिवा विझेल आणि घड्याळ थांबेल.

"पाहणं म्हणजे येणं नव्हे," उकळी बैठकीत म्हणाली.

"अगं, पण सिस्टरला कळलं ना? कळलं म्हणजे प्रतिसाद मिळाला."

"आणि कळून आली नाही तर?"

"तर पेशंट पुन्हा दाबेल. बटण त्याच्या हातातच आहे."

यावर ती चडफडली, पण गप्प बसली. हे तिला पटलं होतं. निदान ते एक दार उघडं आहे असं तिला वाटलं. एका वॉर्डात प्रयोग सुरू झाला. त्या शुक्रवारी व्यवस्थापक येऊन पाहणार आणि सोमवारपासून सगळ्या वॉर्डांत तेच होणार, असं ठरलं.

त्याच सुमारास सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना नेमकं त्या प्रयोगाच्या वॉर्डात ठेवलं.

मी दुपारच्या भेटीच्या वेळी गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ही बाई कधी कोणाकडे पाठ करून बोलली नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकून म्हणाल्या, "सून असेल तर परत जा."

"मी आहे, वहिनी."

त्यांनी मान वळवली. डोळे सुजलेले. "बाई, तुम्हाला सांगते. तुम्ही वर्गात मुलांचं ऐकून घेत होतात असं लोक म्हणतात, म्हणून सांगते. सकाळी मला जायचं होतं. उठायला बंदी आहे. बेल दाबली. दिवा लागला आणि विझला. कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. पुन्हा दाबली. चारदा दाबली मी." त्या थांबल्या. "शेवटी इथेच झालं. अंथरुणात. या वयात."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण बोलणं थांबवलं नाही.

"त्याचंही मला काही वाटलं नसतं. सिस्टर आली, बिचारीने सगळं बदललं, दहा वेळा माफी मागितली. पण मग आमची ही आली. हिला सांगितलं. हिने बाहेर जाऊन सिस्टरच्या टेबलावरच्या त्या पडद्यावर बघितलं आणि येऊन मला काय म्हणाली? आई, तुम्ही एकदाच दाबलीत. तिथे एकदाच दिसतंय." त्यांचा आवाज चिरकला. "मी म्हातारी आहे. खोटी नाही. माझ्यापेक्षा तिला तो पडदा खरा!"

आता हे मला मोकळेपणाने लिहायला हवं की मी रागावणारी नाही. पेशाने राग गिळायची सवय लावली. पण त्या दिवशी परत येताना माझी पावलं आपोआप जोरात पडत होती.

संध्याकाळी ती पायऱ्यांवर येऊन बसली. मी काही बोलायच्या आतच सुरू झाली. साहेबांवर आग पाखडून झाली, व्यवस्थापकांवर झाली, मग गाडी सासूबाईंवर आली. "आणि आई! आईंचं तुम्हाला माहीत आहे. दूध आणलंस का, दूध आणलंस का, दूध आणलंस का. एक गोष्ट चारदा. तसंच हे. एकदा दाबली असेल आणि मनात चारदा. मी फक्त खरं काय ते सांगितलं तर बोलणंच बंद! मी काय त्यांना खोटं म्हटलं?"

म्हटलं होतंस, असं माझ्या जिभेवर आलं. पण मला दोनच शब्दांची मुभा होती, आणि त्या क्षणी मला वाटलं की तेच बरे.

"पहिल्यापासून सांग," मी म्हणाले. हा तिसरा शब्द झाला, पण तिच्या लक्षात आलं नाही.

"पहिल्यापासून काय, सोपं आहे. पेशंट बेल दाबतो. दिवा लागतो. सिस्टरच्या फोनवर जातं. ती दुसऱ्या खाटेवर मलमपट्टी करत असते, ती 'पाहिलं' दाबते. दिवा विझतो."

"मग?"

"मग ती यायला हवी. नाही आली. वॉर्डात एकटी आहे, मध्येच कोणाला उलटी झाली, कोणाचं सलाइन संपलं, राहून गेलं. तिला बोल लावण्यात अर्थ नाही."

"मग?"

"मग पेशंट पुन्हा दाबतो. निरोप भिंतीवरच्या डब्यात जातो. डबा बघतो की ह्या खाटेची बेल आत्ताच वाजून गेली आहे का, आणि वाजली असेल तर..."

ती थांबली. हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"म्हणजे?" मी म्हणाले.

"वाजली असेल तर सोडून देतो." आवाज एकदम खाली आला. "दहा मिनिटं. दहा मिनिटांत पुन्हा दाबलं तर डबा ते पुढे पाठवतच नाही. मोजत नाही. त्याला वाटतं, हे आधीचंच आहे."

खालच्या मजल्यावर तिचा नवरा भांडी लावत होता, त्याचा आवाज येत होता.

"सुरुवातीला एक आजोबा होते," ती म्हणाली. "मिनिटामिनिटाला दाबायचे. सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. मी म्हटलं, त्यात काय. दिवा तर लागलेलाच आहे, कोणी पोचेपर्यंत विझत नाही, मग तेच तेच पुन्हा कशाला सांगायचं? चार ओळी लिहिल्या. हिरवं बटण दाबलं की ती दहा मिनिटंही पुसली जायची. तेव्हा त्या चुकीच्या नव्हत्या, बाई. दिवा लागलेला होता ना! आता दिवा विझतो. आणि दुसरं दाबणं मी खाऊन टाकते. म्हणजे त्या खाटेवर दहा मिनिटं बेल नाहीच. नुसती वायर आहे."

"मग?"

"आईंनी चारदाच दाबली होती." तिने चष्मा काढला. या वेळी समोर रागवायला कोणी नव्हतं. "आमच्यात प्रत्येक कामाला एक नाव द्यावं लागतं. त्या चार ओळींना मी काय नाव दिलं होतं माहीत आहे? 'कटकट'. मला तेव्हा फार विनोदी वाटलं होतं ते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी मी म्हटलं असतं. तो चेहरा पाहून म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पायरीवर तीनदा उठून उभी राहिली. तिने सगळं मांडलं. स्वतःची चूक आधी मांडली. साहेब म्हणाले, बरं झालं सापडलं, करून टाक दुरुस्त. ती म्हणाली, ती चूक भिंतीवरच्या डब्यांत आहे, प्रत्येक डबा उघडून बदलावा लागेल, काही आठवडे जातील. तोपर्यंत 'पाहिलं' बंद ठेवा, हिरवं बटणच राहू द्या.

"सोमवार जाहीर झालाय. पडदा बसलाय. आधी सुरू तर करू."

"अहो, माणसं पडून आहेत तिथे! बेल दाबतात आणि कोणाला ऐकू जात नाही!"

"दहाच मिनिटं ना?"

"तुम्ही दहा मिनिटं आवरून पाहा!"

"तू आधी शांत हो," साहेब म्हणाले. "श्वास घे. शुक्रवारी प्रात्यक्षिक तुलाच दाखवायचं आहे. आणि तिथे आकडेच दाखव. गोष्टी सांगू नकोस."

प्रात्यक्षिक तिच्याकडेच होतं, कारण दुसऱ्या कोणाला ते धड येत नव्हतं. साहेबांनी तिथेच घोटाळा केला.

शुक्रवारी मी भेटीच्या वेळी सासूबाईंपाशी बसले होते. त्यांचा अबोला चालूच होता. उकळी आत आली, तिच्या मागे साहेब, आणि त्यांच्या मागे व्यवस्थापक, चांगले भरदार गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. उकळीने त्या पाठीकडे एकदा पाहिलं. मग तिने शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर सरळ केली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, "आडवे व्हा."

"मी?"

"बेल उभ्या माणसासाठी नाही."

साहेब हसले, म्हणून व्यवस्थापकही हसले आणि बूट काढून आडवे झाले. तिने बटण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दाबलं. दिवा लागला. दूरच्या कोपऱ्यात सिस्टर एका बाईंची जखम बांधत होती, दोन्ही हात अडकलेले. खिशातला फोन थरथरला तसा तिने कोपराने कसाबसा वर काढला, करंगळीने 'पाहिलं' केलं आणि परत जखमेकडे वळली. दिवा विझला.

"बघा!" साहेब म्हणाले. "काही सेकंदांत!"

"उत्तम," व्यवस्थापक म्हणाले आणि उठू लागले.

"उठायचं नाही," उकळी म्हणाली. "ती आली का?"

"येईल की. कामात आहे."

"मग पुन्हा दाबा."

त्यांनी दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्यांना ते कुठे ठेवावं कळेना. "ती एक छोटी तांत्रिक बाब आहे," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात..."

"पुन्हा दाबा," उकळी म्हणाली.

व्यवस्थापकांनी या वेळी अंगठा रोवून दाबलं, नख पांढरं होईपर्यंत. आणि तेव्हा शेजारच्या खाटेवरून, भिंतीकडे तोंड केलेल्या बाईंचा आवाज आला. "जोरात दाबून होत नाही. मी करून पाहिलंय."

सगळे वळले. सासूबाईही वळल्या, सावकाश, कळ सोसत. "आता असं समजा की तुम्हाला लागली आहे," त्या म्हणाल्या.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग कोणी हसलं नाही.

"अहो, मी उठून..." व्यवस्थापक अर्धे उठले.

"उठायचं नाही म्हटलं ना! मला उठता येत नाही, तुम्हीही उठायचं नाही." त्या अस्सल सासूच्या आवाजात म्हणाल्या आणि ते भरदार गृहस्थ खरोखर परत आडवे झाले. "आता पडून राहा. वर बघा. छताला तो डाग आहे ना, तो बघा. मी तोच बघत होते."

लांबची सिस्टरही मान वर करून पाहू लागली. मग उकळी बोलली, आणि मी तिला इतक्या हळू आवाजात रागावलेलं कधी ऐकलं नव्हतं. "सोमवारपासून सगळ्या खाटांवर हे होणार आहे. 'पाहिलं' साहेबांनी आणलं, पण दुसऱ्यांदा दाबलेली बेल गिळायचा नियम माझा आहे. मी लिहिला. ह्या माझ्या सासूबाई. यांनी मला सांगितलं की बेल चारदा दाबली. मी म्हटलं, एकदाच."

"पाचदा," सासूबाई म्हणाल्या. "पाचवी रागाने दाबली. ती मोजली नव्हती."

व्यवस्थापक उठून बसले. बूट घालताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. नाडी बांधून झाल्यावर म्हणाले, "हे आज बंद करा. पडदाही काढा." आणि निघून गेले. जाता जाता मात्र त्या सिस्टरपाशी थांबून त्यांनी काहीतरी विचारलं, आणि तिने आजूबाजूच्या खाटांकडे हात करून बरंच काही सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. त्या वॉर्डात नंतर दुसरी सिस्टर आली का? नाही आली. एवढं सगळं एका दिवसात होत नसतं.

'पाहिलं' गेलं. हिरवं बटण राहिलं. डब्यांसाठी तिने नवे नियम लिहून दिले. आता दुसऱ्यांदा दाबलं तर दिवा लुकलुकतो आणि तिसऱ्यांदा दाबलं तर शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरलाही कळतं. ते बसवायचं काम मात्र तिच्याकडे राहिलं नाही. साहेबांनी सांगितलं की ती फार ताणाखाली आहे, तिला हलकं काम हवं. हलकं काम कोणतं? ऑफिसातल्या लोकांच्या फोनवर दर तासाला एक मंजुळ घंटा वाजवायची. श्वास घ्यायची आठवण म्हणून.

हे सांगायला ती आली तेव्हा माझ्या घरात संध्याकाळचा दिवाही लागलेला नव्हता, इतक्या तावातावाने आली. "मला! मला श्वासाची घंटा! बेल दाबणाऱ्याचं ऐकू नका, आणि ज्यांनी काही दाबलं नाही त्यांच्या कानाशी वाजवत बसा! यांना माणसाची हाक नको आहे, यांना माणसाला हाक मारायची आहे, दर तासाला! काय धंदा आहे का हा!"

"मग?" मी म्हणाले.

"मग काय! त्या घंटेत पहिलं काम केलं ते बंद करायच्या बटणाचं. हे एवढं मोठं. पहिल्याच पानावर. साहेबांना अजून दिसलेलं नाही." ती खदाखदा हसली आणि हसता हसता पुन्हा चिडली. नवी नोकरी शोधते आहे. मिळेपर्यंत संध्याकाळी चिडायला माझ्या पायऱ्या आहेतच.

सासूबाई घरी आल्या आहेत. चार पायांची काठी घेऊन हळूहळू चालतात, पण बराच वेळ पडूनच. त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असतो. काही हवं असलं की चमचा पेल्यावर वाजवतात. त्याचा आवाज जिन्यात स्पष्ट येतो.

परवा आम्ही बसलो होतो. ती कुठल्याशा नव्या फोनवर तोंडसुख घेत होती, ज्याला कुलूप उघडायला आपला चेहरा दाखवावा लागतो. "मी माझ्या चेहऱ्याने काय करायचं ते मी ठरवीन..." आणि खालून चमचा वाजला. टण.

"ऐकलं, आई! येते!" ती ओरडली आणि पुढे बोलू लागली.

टण. टण.

ती एकदम थांबली. अर्ध्या वाक्यात. उठली, आणि दोन दोन पायऱ्या गाळत खाली गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

"काय हवं आहे? पाणी? जायचं आहे?"

"काही नको."

"मग पुन्हा का वाजवलं?"

"चालतं का ते बघत होते."

"आई!"

मग पुढचं सगळं भांडण मी जिन्यात बसून ऐकलं. दोघींचेही आवाज चांगले चढलेले होते.